बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना?

घरात बाळ जन्माला आले की पहिला निरोप ठरलेला असतो. 'अल्हम्दुलिल्लाह, बाळ-बाळंतीण दोघेही सुखरूप आहेत.' दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या धाकट्या भावजयीला पहिली मुलगी झाली, तेव्हा आमच्या घरूनही हाच निरोप गेला. तो मीच पाठवला होता. कुवेतला भावाला, चिपळूणला खालाला, मुंबईला मामूंना. निरोपाचा अर्धा भाग खरा होता. बाळ सुखरूप होते. बाळंतीण सुखरूप नव्हती आणि हे समजायला आम्हाला पाच आठवडे लागले.

हा लेख मी भावजयीच्या परवानगीने लिहीत आहे. तिची एकच अट होती. "आपा, माझं नाव नको. पण काही लपवूही नका. एखादीच्या घरी वेळेवर कळलं तरी पुरे."

आम्हाला दिसले ते आणि न दिसलेले

पहिले बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत. पण भावजयीची आई तिच्या निकाहापूर्वीच अल्लाहला प्यारी झाली होती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झाले. आम्ही काही कमी पडू दिले नाही, असे आम्हाला वाटत होते. बाळाच्या कानात अजान झाली. सातव्या दिवशी अकीका झाला. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, तेलाची मालिश, शेक-शेगडी सारे वेळच्या वेळी होते. बाळाला पाहायला सारा मोहल्ला येऊन गेला.

दुसऱ्या आठवड्यात तिचे जेवण कमी झाले. ताट समोर ठेवले की दोन घास खाऊन बाजूला सारायची. बाळ झोपले तरी ती छताकडे बघत जागी असायची. बाळाला दूध पाजायची, लंगोट बदलायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. एकदा मी विचारले तर म्हणाली, "आपा, माझ्या अंगात काही उरलंच नाही असं वाटतं."

तेव्हा मी काय उत्तर दिले ते आज लिहितानाही लाज वाटते. मी म्हणाले, "अगं, लोक औलादीसाठी दर्ग्या-दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवतात. तुला अल्लाहने घरबसल्या दिलं. शुक्र कर." मी शाळेत शिकवते, चार पुस्तके वाचलेली आहेत, तरी मला इतकेच सुचले. अम्मी म्हणाल्या, "सब्र कर बेटी, पहिलटकरणीचं असंच असतं." एका शेजारणीने नजर उतरवायला सांगितले. दुसरी म्हणाली, "मुलगी झाली म्हणून मन खट्टू झालं असेल. पुढच्या वेळी इन्शाअल्लाह मुलगा." तिला मुलगी झाल्याचे दुःख मुळीच नव्हते. पण तेव्हापासून तिच्या मनात नवाच काटा रुतला : मी मुलीवर नाराज आहे असे लोकांना वाटते, म्हणजे मी खरोखरच वाईट आई असणार.

भाऊ रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचा. परदेशातल्या बापाचा जीव बाळात अडकलेला. "दाखव ना, जरा जवळ धर, हसली का?" मोबाइलच्या चौकटीत बाळ असायचे आणि बाळाला धरणारे दोन हात. त्या हातांच्या मालकिणीचा चेहरा पंधरा-पंधरा दिवस त्याने पाहिला नव्हता. याचा दोष त्याला एकट्याला देता येणार नाही. आम्ही तर त्याच छपराखाली राहत होतो.

फक्त एका बाईने पाहिले. आमच्या वाडीची आशाताई. दवाखान्यात बाळंतपण झाले की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळाला तपासून जाते. अठ्ठाविसाव्या दिवशी तिने बाळाचे वजन केले, ते उत्तम होते. मग माझ्या अम्मींना बाजूला घेऊन ती म्हणाली, "काकी, बाळ छान आहे. पण सूनबाईंचे डोळे मला बरे वाटत नाहीत. डॉक्टरांना दाखवा." आम्ही हसून वेळ मारून नेली. झोप नसेल झाली, म्हणालो.

त्यानंतर आठवडाभराने रात्री दोनच्या सुमारास माझ्या दारावर टकटक झाली. बाहेर भावजय बाळाला घेऊन उभी होती. ती रडत नव्हती, हे मला आजही सर्वांत जास्त आठवते. अगदी सपाट आवाजात म्हणाली, "आपा, हिला तुमच्याजवळ झोपवा. माझ्याजवळ नको. मी नसले तर हिचं बरं होईल, असं सारखं मनात येतं."

त्या रात्री मी तिला एकटे सोडले नाही. सकाळी पहिल्या गाडीने आम्ही तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

हा कोणता आजार आहे?

डॉक्टरीणबाईंनी तिला रागावले नाही, उपदेशही केला नाही. दहा प्रश्न विचारले. गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू आले का, विनाकारण स्वतःला दोष दिलात का, भीती वाटली का, झोप लागली का, स्वतःला इजा करून घ्यावी असे मनात आले का, अशा धाटणीचे. या प्रश्नावलीला एडिंबरा प्रश्नावली म्हणतात. १९८७ पासून ती जगभर बाळंतिणींसाठी वापरली जाते. सोडवायला पाच-दहा मिनिटेही लागत नाहीत. त्या दहा मिनिटांत जे बाहेर आले, ते पाच आठवडे आम्हाला दिसले नव्हते.

त्यांनी समजावून सांगितलेली गोष्ट प्रत्येक घराने जाणून घेण्यासारखी आहे. बाळंतपणानंतर मनाच्या तीन वेगवेगळ्या अवस्था येऊ शकतात आणि आपण तिन्ही एकाच टोपलीत टाकतो.

पहिली साधी हळवेपणाची. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत सुरू होते. उगाच रडू येते, चिडचिड होते, घटकेत हसू घटकेत आसू. निम्म्याहून अधिक बायकांना हे होते. शरीरातील संप्रेरके एकदम खाली येतात, झोप मोडते, त्याचा हा परिणाम. विश्रांती आणि मायेने दोन आठवड्यांत आपोआप ओसरते.

दुसरी म्हणजे प्रसूतीनंतरचे नैराश्य. दोन आठवडे उलटले तरी उदासी जात नाही, उलट वाढते. कशात रस वाटत नाही, भूक मंदावते, बाळ झोपले तरी आईला झोप लागत नाही, सतत धास्ती वाटते, 'मी नालायक आई आहे' हा विचार पाठ सोडत नाही. कधी बाळाबद्दल काहीच वाटत नाही आणि त्याची बाईला मनातून भयंकर शरम वाटते. हे बाळाच्या पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होऊ शकते. काही जणींना तर गरोदरपणातच सुरू झालेले असते. हा आजार आहे आणि तो उपचारांनी बरा होतो.

तिसरी अवस्था विरळा आहे, हजारात एक-दोन बाळंतिणींना होते, पण ती तातडीची आहे. साधारणपणे पहिल्या दोन आठवड्यांत बाई एकाएकी बदलते. अजिबात झोपत नाही, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकू येतात, बाळाविषयी विचित्र कल्पना मनात येतात. आपल्याकडे इथेच 'असर झाला' म्हणून दिवस वाया घालवतात. अशा वेळी झाडफूक करणाऱ्याची वाट बघत बसू नये. आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात असतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

माझी भावजय दुसऱ्या गटात होती आणि बरीच पुढे गेलेली होती. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवले, कारण थायरॉइड बिघडले किंवा रक्त फार कमी असले तरी अशीच लक्षणे दिसू शकतात. थायरॉइड ठीक निघाले, हिमोग्लोबिन कमी होते. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आम्हाला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागाची चिठ्ठी मिळाली.

एकटीचे दुखणे नव्हे

मला वाटत होते की हे आमच्याच घरावर आलेले संकट. तसे नव्हते. भारतात झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला होता. त्यानुसार सुमारे २२ टक्के बाळंतिणींमध्ये नैराश्य आढळले. म्हणजे पाच जणींत एक. शेजारच्या गोव्यातला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात आलेल्या मातांपैकी २३ टक्के माता प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्यात होत्या. त्यांतल्या बहुतेक जणी गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे, या गोष्टींशी आजाराचा संबंध दिसला.

ही यादी वाचताना आपण मुसलमान म्हणून थोडे थांबले पाहिजे. मुलीच्या जन्माची बातमी ऐकून ज्याचा चेहरा काळवंडतो, त्या बापाची पवित्र कुरआनने केलेली कानउघाडणी आपल्याला ठाऊक आहे. तरीही 'पुढच्या वेळी इन्शाअल्लाह मुलगा' हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत आपणच बोलतो, तेही अल्लाहचे नाव घेऊन.

समुपदेशनात नेमके काय होते?

जिल्ह्याच्या ठिकाणी जाताना अम्मी सोबत होत्या आणि मनातून नाखूश होत्या. "वेड्यांच्या डॉक्टरकडे नेताय पोरीला. गोळ्यांची सवय लागेल. दूध बिघडेल. आणि बाहेर कळलं तर उद्या नणंदेला स्थळ कोण आणील?" असे त्यांचे चारही आक्षेप एस्टीतच सांगून झाले.

मानसोपचारतज्ज्ञांनी प्रत्येकाचे उत्तर दिले. नैराश्यावरची नेहमीची औषधे नशेची नसतात. पण ती मनाने सुरू किंवा बंद करायची नसतात. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. अंगावर पाजणाऱ्या आईला देता येतील अशी औषधे आहेत, डॉक्टर ते पाहूनच निवड करतात, म्हणून 'मी बाळाला पाजते' हे आधी सांगायचे. आणि बाहेर कळण्याचे म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा तिचा हक्क ठरवला आहे. याच कायद्यात असेही आहे की आईला मानसिक उपचारांसाठी दाखल करावे लागले, तर तीन वर्षांखालील मुलाला सहसा तिच्यापासून तोडायचे नाही. आईपासून बाळाला इजा होण्याचा धोका असेल, तेवढ्यापुरतेच वेगळे ठेवायचे.

औषधासोबत समुपदेशन सुरू झाले. मला वाटायचे समुपदेशन म्हणजे समजावणे. समजावून तर आम्ही सगळे थकलो होतो! समुपदेशिकाबाईंनी पहिल्या भेटीत काहीच समजावले नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "सलग चार तास शेवटचं कधी झोपलात?" भावजयीने बराच विचार केला आणि म्हणाली, "आठवा महिना लागला तेव्हा बहुतेक." म्हणजे अडीच-तीन महिने त्या पोरीची सलग चार तास झोप झाली नव्हती आणि आम्ही तिला शुक्र शिकवत होतो.

पहिल्या भेटीनंतर आम्हाला मिळालेला सल्ला अगदी साधा होता. रात्री दहा ते दोन बाळ माझ्याकडे किंवा अम्मींकडे. दुधाची वेळ झाली की बाळाला तिच्याजवळ न्यायचे, पाजून झाले की परत आणायचे. ढेकर काढणे, थोपटणे आमच्याकडे. दिवसातून एकदा उन्हात अर्धा तास अंगणात. आलेल्या पाहुण्यांना दहा मिनिटे. बस.

पुढच्या भेटींत विचारांवर काम झाले. 'मी वाईट आई आहे' हा विचार मनात आला की तो वहीत लिहायचा. मग त्याच्यासमोर लिहायचे, आज मी बाळासाठी काय केले. आठ वेळा पाजले. रात्री उठले. ताप पाहिला. वाईट आई हे करते का? सुरुवातीला तिला हे पोरखेळ वाटले. हळूहळू तिच्या ध्यानात आले की मनात आलेली प्रत्येक गोष्ट खरी असतेच असे नाही, आजारपणात मन खोटी साक्षही देते.

तिच्या आईचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला. लग्न, नवऱ्याचे परदेशी जाणे, नवे घर या सगळ्यांत आईच्या मौतीचे रडणे राहूनच गेले होते. बाळ हातात आले आणि पहिल्यांदा तिला आई हवी झाली. त्या दिवशी ती तासभर रडली. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण ते जिवंत दिसत होते.

चौथ्या भेटीला त्यांनी भावाला फोनवर घेतले. त्याला एकच काम सांगितले. "फोन केलात की पहिली पाच मिनिटं बायकोशी बोला. बाळ नंतर." त्या रात्री तो म्हणाला, "कॅमेरा तुझ्याकडे फिरव." तिचा उतरलेला चेहरा पाहून तो बराच वेळ बोलू शकला नाही. चार महिन्यांनी सुट्टी मिळाली तेव्हा तो आला, तोवर रोज पाच मिनिटे त्याने पाळली.

सासूबाईंची गोष्ट

परतीच्या वाटेवर एकदा एस्टीत अम्मी अचानक बोलू लागल्या. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हाची गोष्ट. "तुझे अब्बा जहाजावर होते. मी महिना दीड महिना कुणाशी बोलले नव्हते. विहिरीवर जायची मला भीती वाटायची. पाण्याची नाही, माझीच. माझ्या सासूने खोलीत लोबान जाळलं आणि दार लावून घेतलं. पुढं कसं बरं झालं ते अल्लाहलाच ठाऊक. मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला शब्दच नव्हता."

चाळीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात मी हे प्रथमच ऐकत होते. भावजयीने काही न बोलता अम्मींचा हात हातात घेतला. त्या दिवसानंतर अम्मींनी गोळ्यांवर आक्षेप घेतला नाही. उलट गोळीची वेळ त्याच लक्षात ठेवू लागल्या.

आपल्या घरांत सासूला सहज खलनायिका ठरवले जाते. पण अनेक सासवा कठोर वाटतात, कारण त्यांनी स्वतः हे सारे निमूटपणे सोसलेले असते. त्यांना विचारा. कदाचित त्याही कुणी विचारण्याची वाट पाहत असतील.

सासूला सोबत घेऊन उपचार करता येतात, हे पाकिस्तानातल्या रावळपिंडी जिल्ह्यातील खेड्यांनी दाखवून दिले आहे. तिथे डॉ. आतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांना थोडे प्रशिक्षण दिले. या सेविका बहुतेक आपल्या आशाताईंसारख्याच, त्याच गावच्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचे होईपर्यंत त्यांनी सोळा भेटी दिल्या. बोलण्याची सुरुवात बाळाच्या तब्येतीपासून करायची, म्हणजे घरातले कुणी बिचकत नाही. मग आईची स्वतःची तब्येत, आई-बाळाचे नाते आणि आईची घरच्यांशी नाती, या तीन गोष्टींवर बोलायचे. मनातला घातक विचार ओळखायचा, त्याजागी बरा विचार ठेवायचा आणि तो रोजच्या वागण्यात आणायचा. २००८ साली निकाल प्रसिद्ध झाले. अशा भेटी मिळालेल्या मातांपैकी सहा महिन्यांनी २३ टक्के नैराश्यात होत्या. भेटी झाल्या, पण हे प्रशिक्षण न मिळालेल्या सेविकांच्या, तिथे हेच प्रमाण ५३ टक्के होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली आणि गोव्यातही वस्तीतल्याच सामान्य बायकांना शिकवून तिचा प्रयोग झाला. त्या खेड्यांत मोठी इस्पितळे नव्हती, महागडी औषधे नव्हती. ऐकणारी बाई होती आणि कसे ऐकायचे ते तिला कुणीतरी शिकवले होते.

दीन काय सांगतो?

भावजयीला सर्वांत जास्त एका गोष्टीने पोखरले होते. 'माझा ईमान कमजोर आहे, म्हणून माझे असे झाले.' निफासच्या दिवसांत नमाज नव्हती. ते दिवस संपल्यावरही मुसल्ल्यावर उभे राहिले की मन रिकामे. आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांकडे अम्मींनी हा प्रश्न पाठवला. त्यांनी उत्तर पाठवले की आजारी माणसाच्या ईमानाचे मोजमाप आपण करायचे नसते, दवा घ्या आणि दुआही करा. प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज ठेवला आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आणि तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे, आधी तो बांधायचा, मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा.

मग मी स्वतः कुरआनचा तर्जुमा घेऊन बसले आणि दोन मातांपाशी थांबले. सूरह मरयममध्ये हजरत मरयम (अ.) प्रसूतीच्या वेदनांत एकट्या आहेत. त्यांच्या तोंडून निघते की याआधीच मरून विस्मृतीत गेले असते तर बरे झाले असते. इतक्या पाक, इतक्या निवडलेल्या स्त्रीच्या तोंडी हे शब्द आहेत. त्यावर अल्लाहने त्यांना दटावले नाही. दुःख करू नकोस असा दिलासा दिला, पायाशी वाहते पाणी दिले, ताजे खजूर दिले. आणि लोकांनी विचारले तर आज मी कुणाशी बोलणार नाही असे सांगायला शिकवले. दिलासा, पाणी, अन्न आणि लोकांच्या प्रश्नांपासून सुटका. बाळंतिणीला याहून वेगळे काय हवे असते?

दुसऱ्या हजरत मूसा (अ.) यांच्या आई. सूरह कससमध्ये त्यांच्या मनाचे वर्णन रिकामे झालेले मन असे आहे. अल्लाहने त्यांच्या मनाला घट्ट धरून ठेवले, आणि मूल त्यांच्या कुशीत परत आणले ते आईचे डोळे निवावेत म्हणून.

आपल्या प्रेषितांचे (स.) वागणेही आठवावे. नमाज लांबवायचा विचार असताना मागे एखादे मूल रडले, तर आईच्या जिवाची घालमेल होऊ नये म्हणून ते नमाज आटोपती घेत. अल्लाहसमोर उभे असतानाही त्यांना आईच्या मनाचा विसर पडला नाही. हजरत खदीजा (रजि.) आणि चाचा अबू तालिब एकाच वर्षी गेले, त्या वर्षाला आपण 'आमुल हुज्न', दुःखाचे वर्ष, म्हणतो. दुःख होणे ही ईमानाची उणीव असती तर त्या वर्षाला ते नाव मिळाले नसते.

आणि मनाच्या इलाजाचे म्हणाल तर ती पाश्चात्त्यांची फॅशन नव्हे. इसवी सन ९३४ मध्ये वफात पावलेले विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोघांच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दुःखाचे दोन प्रकार सांगितले : कारण ठाऊक असलेले आणि वरवर कारण न दिसणारे. दुसऱ्या प्रकाराचे मूळ शरीरात असू शकते, हेही त्यांनी नोंदवले. कैरोत १२८४ साली उभ्या राहिलेल्या मन्सूरी शफाखान्यात मनोरुग्णांसाठी वेगळी व्यवस्था होती. आपल्या पूर्वजांनी ज्यासाठी शफाखाने बांधले, त्यासाठी आज आपण लोबान जाळून दार लावून घेतो, याचा विचार व्हायला हवा.

घरच्यांनी काय करावे?

आमच्या चुकांतून जे शिकलो ते थोडक्यात सांगते.

'शुक्र कर', 'सब्र कर', 'आम्ही नाही का बाळंत झालो' ही वाक्ये बाळंतिणीच्या खोलीबाहेर ठेवा. त्याऐवजी विचारा, "तुला कसं वाटतंय?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.

तिची झोप हा औषधाचाच भाग समजा. घरातली माणसे पाळी लावून बाळाला घेऊ शकतात. अब्बा, दीर, नणंद सगळे.

जिचे आधी कधी नैराश्य झाले आहे, जिची आई नाही, जिचा नवरा दूर आहे, जिचे बाळ गेले आहे किंवा जिच्यावर घरात हात उगारला जातो, तिच्याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवा. मारहाण होत असेल तर आधी ती थांबली पाहिजे, नुसत्या समुपदेशनाने भागणार नाही.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांकडे न्या. 'मी नसले तर बरं' असे ती बोलली तर दोन तासही थांबू नका. तिला एकटे सोडू नका, औषधे आणि इजा होईल अशा वस्तू दूर ठेवा आणि लगेच मदत मागा. असे थेट विचारल्याने तो विचार मनात भरतो, हा गैरसमज आहे. विचारल्याने उलट ओझे हलके होते.

मदत कुठे मिळेल? केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येते. जवळची पहिली पायरी म्हणजे आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. समुपदेशक स्त्री हवी असे सांगायला संकोचू नका. ती आपल्याच धर्माची असली पाहिजे असे नाही. आमच्या समुपदेशिकाबाई हिंदू होत्या, आणि दुपारची भेट असली की जुहरची वेळ त्याच आठवणीने विचारायच्या.

आज

भावजयीची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत दहा-अकरा महिन्यांनी बंद झाली. मुलगी आता दोन वर्षांची आहे आणि घरभर आपल्या आईच्या मागे धावते. पुन्हा बाळंतपण झाले तर हा आजार परत येऊ शकतो, हे आम्हाला सांगितलेले आहे. पण आता आम्हाला तो ओळखता येतो, आणि गरोदरपणापासूनच डॉक्टरांना सांगायचे आहे, हेही ठरलेले आहे.

गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीतून निरोप आला, 'अल्हम्दुलिल्लाह, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.' अम्मी लगेच निघाल्या. मी सोबत होते. बाळाभोवती बायकांचा गराडा होता. अम्मी सरळ आत गेल्या, बाळंतिणीच्या उशाशी बसल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "बाळाला मी मग बघते बेटी. आधी सांग, तुला झोप लागते का?"

अल्लाह आपल्या सर्व घरांतल्या आयांचे डोळे निववो. आमीन.